वेळासची कासवे : पुण्याहून जावे, पण एका दिवसात परतावे का?

फाल्गुनवारा

फेब्रुवारी सरत आला आणि ताम्हिणीत पळस फुलल्याची छायाचित्रे फोनवर येऊ लागली की आमच्या सोसायटीत वेळासचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावी समुद्री कासवांची पिल्ले पाहायला जाण्याचा विषय निघतो. यंदाही निघाला आहे, आणि म्हणूनच मागच्या वर्षीपासून मनात असलेला प्रश्न इथे मांडत आहे.

मागच्या मार्चमध्ये आई, बहीण, आठ वर्षांची भाची आणि मी असे चौघे गेलो होतो. पहाटे कोथरूडहून निघालो, ताम्हिणी उतरून माणगावला नाश्ता केला, म्हसळ्यावरून बागमांडल्याला आलो आणि फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. तिथून बाणकोटमार्गे वेळास. संध्याकाळी सहाच्या सुमारास किनाऱ्यावर दोरीमागे शंभराहून अधिक माणसे उभी होती. कासवमित्राने, म्हणजे घरट्यांची राखण करणाऱ्या तरुणाने, कुंपणाच्या आत जाऊन पुरलेल्या अंड्यांवर झाकलेली एकेक टोपली उचलली, खालची वाळू निरखून पाहिली आणि आज पिल्ले नाहीत असे सांगितले. त्यावर एका गृहस्थांनी, आम्ही एवढ्या लांबून आलो आहोत तर थोडी वाळू उकरून पाहा, असा आग्रह धरला. त्या तरुणाने आवाज न चढवता नकार दिला. बरीच मंडळी रात्रीच परतली.

आम्ही मुक्कामाला होतो, म्हणून सकाळी सातला पुन्हा गेलो. एका टोपलीखाली अकरा पिल्ले वर आलेली होती. काडेपेटीत मावेल एवढा जीव, काळपट राखाडी रंगाचा, पाठीवर वाळू चिकटलेली. ओल्या वाळूवर सोडल्यावर ती एकामागून एक निघाली. शेवटच्याला लाटेने दोनदा मागे आणून टाकले, दुसऱ्यांदा ते उताणे पडले, मान वाळूत रोवून सरळ झाले आणि तिसऱ्या लाटेबरोबर गेले. भाची तोवर एक शब्दही बोलली नव्हती.

खटकली ती एक गोष्ट सांगतो. पुण्याहून आलेल्या दोन बसगाड्यांबरोबर स्वतःचा आचारी होता, पाण्याच्या बाटल्या होत्या आणि डब्यांत भरलेले फराळाचे पदार्थही होते. ऐंशी माणसे आली, किनाऱ्यावर उभी राहिली आणि गेली. गावातल्या एकाही चुलीवर त्यांच्यासाठी भात शिजला नाही. ज्यांच्या राखणीमुळे ती पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचतात, त्यांच्या पदरात काय पडले?

माझे मत असे झाले आहे की जायचे तर किमान दोन रात्री जावे, गावातल्या घरीच उतरावे आणि तिथेच जेवावे. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने त्या वर्षी जाऊ नये. हे मत फार कडक आहे का? अनुभवी सदस्यांनी सांगावे.

दूरवाट

आपला अनुभव वाचून आनंद झाला, पण शेवटचे वाक्य पटले नाही. मी चाकणला कारखान्यात काम करतो आणि माझी सुट्टी आठवड्यातून एकच असते. दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन रात्री निघालो, पहाटेची पिल्ले पाहिली, गावातल्या एका घरी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे चौघे जेवलो, कोकम आणि कुळथाचे पीठ घेतले आणि रात्री घरी आलो. मुक्काम केला नाही म्हणून आम्ही गावावर भार झालो, असे मला वाटत नाही. दोन रात्रींची अट घातली तर कासव पाहण्याचा हक्क फक्त ज्यांना रजा मिळते त्यांचाच राहील.

वाळूचे घर

दूरवाट यांच्याशी पूर्ण सहमत. गावात एक वेळ जेवून जाणारा माणूस हा गाडीत शेगडी घालून दोन रात्री तंबूत राहणाऱ्यापेक्षा गावाला अधिक जवळचा.

कासवछंदी

मी गेली काही वर्षे हंगामात आठ-दहा दिवस रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यांवर मदतीला जातो, त्यामुळे त्या गृहस्थांच्या 'वाळू उकरून पाहा' या आग्रहाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर येणारी ही कासवे ऑलिव्ह रिडले जातीची आहेत. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री वर येतात, मागच्या पायांनी दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करतात, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू लोटून त्यावर स्वतःचे अंग आपटून ती दाबतात आणि परत जातात. पिल्लांना त्या पुन्हा कधीही पाहत नाहीत. पूर्वी ही घरटी कुत्री आणि कोल्हे उकरत असत आणि माणसेही अंडी काढून विकत असत. आता कासवमित्र पहाटे किनारा चालतात, मादीच्या मागावरून घरटे शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवतात. हे काम अंडी घातल्यापासून काही तासांतच करावे लागते आणि अंडे फिरवायचे नसते, कारण आतला गर्भ कवचाला चिकटल्यावर अंडे उलटले तर तो मरतो. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा शंभरहून जास्त अंडी एकेक करून उचलताना माझे हात कापत होते आणि शेजारचा गावातला मुलगा मात्र मला अंड्याची वरची बाजू कशी लक्षात ठेवायची ते दाखवत होता.

पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूची ऊब काम करते. पिल्लू नर होणार की मादी हेदेखील त्याच उबेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक होतात. अंड्यांतून बाहेर पडल्यावर पिल्ले लगेच वर येत नाहीत. ती सगळी मिळून वाळू खाली ढकलत वर सरकतात आणि पृष्ठभागाच्या थोडे खाली थांबतात. वरची वाळू तापलेली असेपर्यंत ती हालचाल करत नाहीत, गार झाली की बाहेर येतात. म्हणूनच सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठरलेल्या आहेत. टोपलीखालच्या वाळूला उथळ खळगा पडलेला दिसला की जाणकार समजतो की आता एक-दोन दिवसांत पिल्ले येणार. आपण आधी उकरले तर पोटाला बलक चिकटलेली, पोहायला तयार नसलेली पिल्ले हातात येतात. तो तरुण नकार देत होता तो यासाठी.

शिवाय ही जात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लाला हात लावणे, तळहातावर घेऊन छायाचित्र काढणे हे कायद्यानेही चालत नाही.

फाल्गुनवारा

कासवछंदी, मनापासून आभार. दूरवाट, आपले म्हणणे मला पटले. माझे वाक्य मी असे बदलतो : रात्र काढा किंवा काढू नका, पण गावात जेवा.

बाणकोटची लेक

माझे माहेर मंडणगड तालुक्यातले, सासर पुण्यात. हा धागा वाचून लिहावेसे वाटले, कारण गावाकडचे म्हणणे गावाकडच्या माणसाने सांगितलेले बरे.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले तेव्हा आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारात गेल्या. माड काही मोडले, काही मुळासकट उपटले. आंब्याचे सत्तर वर्षांचे झाड घराच्या पडवीवर पडले. पुण्याच्या माणसाला हे नुकसान पैशात विचारावेसे वाटते, पण पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि माझे वडील तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. त्या वर्षी टाळेबंदीमुळे पाहुणेही नव्हते. पुढची तीन वर्षे आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत रोख पैसा आला तो फक्त कासवांच्या हंगामात आलेल्या पाहुण्यांच्या जेवणातून आणि मुक्कामातून. तेवढ्या दोन महिन्यांत माझी काकू पहाटे चारला उठून घावन घालते, दुपारी फणसाच्या कुयरीची भाजी, बिरडे, सोलकढी करते, आणि तिच्या हाताखाली शेजारच्या दोन बायकांना काम मिळते. दूधवाला, रिक्षावाला, नारळ पाडणारा, माशांची पाटी घेऊन येणारी, सगळ्यांचे त्यात थोडे थोडे असते. म्हणून बरोबर आचारी आणणाऱ्या बसगाडीचे मला वाईट वाटते. ती माणसे वाईट नसतात. गावात चुली आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

एक विनंती मात्र आहे. शिमग्याच्या दिवसांत येणार असाल तर आधी विचारा. पालखी घरी येण्याच्या दिवशी सगळे घर त्यात गुंतलेले असते, मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, आणि पाहुण्याला 'नाही' म्हणणे आमच्या माणसांना जमत नाही. ते हो म्हणतात आणि मग घरच्या बायकांची ओढाताण होते.

मुठाकाठ

बाणकोटची लेक, आपले लिखाण वाचून मन भरून आले. तरीही दुसरी बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. आम्ही सहा जणांनी पुण्यातल्या एका सहल आयोजकाकडे पूर्ण रक्कम आगाऊ भरली होती. गावातल्या घरात दोन खोल्या असे सांगितले होते, पण पोहोचल्यावर कळले की त्याच खोल्या आणखी दोन कुटुंबांना दिल्या आहेत. बरोबर मधुमेही सासरे होते, रात्रीचे नऊ वाजले होते. शेवटी घरमालकिणीने स्वतःची झोपण्याची खोली आम्हाला दिली आणि ती माजघरात झोपली. सकाळी बोलताना समजले की आम्ही दिलेल्या पैशातला निम्मा भागही तिच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. तेव्हा पैसा गावात जातो की मध्येच अडतो, हे कसे ओळखायचे?

बाणकोटची लेक

ज्या घरी उतरणार त्या घरच्या माणसाशी स्वतः फोनवर बोलावे, किती माणसे, किती जेवणे हे सांगावे आणि हिशेब निघताना त्यांच्याच हातात द्यावा. आगाऊ थोडे पाठवायचे असेल तर तेही थेट. आयोजकामार्फत जायचेच असेल तर घरमालकाचे नाव आणि फोन आधी मागावा. देत नसेल तर तिथेच थांबावे.

रानपाखरू

मला एका गोष्टीची खंत वाटते, ती अशी की पुणेकर दोनशे किलोमीटर फक्त पंधरा मिनिटांच्या दृश्यासाठी जातो आणि उरलेले तेवीस-चोवीस तास गावात काय करायचे असे विचारतो. मार्चमधला हा सगळा पट्टा पाहण्यासारखा असतो. ताम्हिणीत पळस आणि पांगारा, काटेसावरीच्या पाकळ्या रस्त्यावर पडलेल्या आणि त्या झाडांवर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी यांची झुंबड. खाली उतरल्यावर खाडीच्या चिखलात थंडीचे पाहुणे परतीच्या तयारीत असतात. हिवाळ्यात राखाडी दिसणारे चिखले या दिवसांत विणीचे रंग घेऊ लागतात आणि मग एके दिवशी किनारा रिकामा होतो. कुरव पक्ष्यांचे थवे होळीपर्यंत बरेच विरळ झालेले असतात.

आणि समुद्री गरुड! पांढऱ्या पोटाचा, उंच झाडावर काटक्यांचे भलेमोठे घरटे करणारा. वेळासच्या कासवांशी त्याचा जुना संबंध आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली या गरुडाच्या नोंदी करत किनारा फिरत होते, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली आणि संरक्षणाचे काम सुरू झाले. लोक पिल्ले पाहायला येतात तो कासव महोत्सव २००६ पासूनचा. वर पाहणाऱ्या माणसांना खाली वाळूत हे सापडले याचे मला फार अप्रूप वाटते.

शनिवारवाडा

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. पुण्याहून जाणाऱ्याने दुपारच्या उन्हात खोलीत पडून राहण्याऐवजी गावातली जुनी देवळे आणि खाडीच्या मुखावरचा बाणकोट किल्ला अवश्य पाहावा. किल्ल्यावरून सावित्री समुद्राला मिळताना दिसते.

खाडीकाठ

रानपाखरू यांच्या यादीत मुरूड-हर्णैचे डॉल्फिन नाहीत, ते मुद्दाम वगळले असतील तर बरेच आहे. मी दोन वेळा गेलो. पहिल्या वेळी पाच होड्यांनी एका लहान कळपाला घेरले होते आणि प्रत्येक होडीतून 'जवळ घ्या' असा ओरडा चालला होता. किनाऱ्यालगत राहणारे हे कुबड असलेले डॉल्फिन असतात. त्यांना खोल समुद्रात निघून जाण्याची सवय नाही, त्यामुळे ते तिथल्या तिथेच बुडी मारत राहतात. दुसऱ्या वेळी आम्ही निघण्यापूर्वीच नावाड्याला सांगितले की लांब थांबा, यंत्र बंद करा, दिसले नाहीत तरी ठरलेले पैसे देऊ. तो माणूस इतका खूश झाला की त्याने अर्धा तास होडी नुसती तरंगत ठेवली. एक डॉल्फिन आमच्यापासून तीन होड्यांच्या अंतरावर श्वास घ्यायला वर आला आणि त्याचा फुसकारा ऐकू आला. यंत्राच्या आवाजात तो कधीच ऐकू आला नसता. घाई गिऱ्हाईक करते, आणि दोष नावाड्याला लागतो.

मच्छीमारांबद्दलही एक सांगायला हवे. कासव किंवा डॉल्फिन जाळ्यात अडकले तर जाळे कापून सोडावे लागते आणि जाळे हा त्यांचा पोटाचा आधार आहे. राज्य शासनाने २०१८ पासून अशा संरक्षित जिवांना सोडताना झालेल्या नुकसानीसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली आहे. हर्णैला लिलाव पाहायला गेलात तर हा विषय काढा, बोलायला लोक उत्सुक असतात.

पाटीदप्तर

आमच्यासारख्या पालकांचे काय? मार्चभर परीक्षा, एप्रिलच्या मध्यापर्यंत शाळा. मुलगा दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी आम्ही पुढच्या वर्षी म्हणतो.

कासवछंदी

पाटीदप्तर, उशिरा घातलेल्या अंड्यांची पिल्ले एप्रिलअखेर, क्वचित मेमध्येही येतात. त्या दिवसांत गर्दी ओसरलेली असते, पण पिल्ले दिसण्याची शक्यताही कमी असते, म्हणून निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी. वेळासखेरीज दापोली तालुक्यातले आंजर्ले, तसेच गुहागर, गावखडी आणि खाली वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी इथेही घरट्यांची राखण होते. सगळ्यांनी वेळासलाच जावे असे नाही. आंजर्ल्याला गेलात तर कड्यावरचा गणपतीही होतो.

वाळूचे घर

एक शंका. इथून गेलेली मादी पुन्हा याच किनाऱ्यावर येते, हे खरे का?

कासवछंदी

जन्माच्या परिसरात परत येण्याची ओढ समुद्री कासवांत असते, म्हणूनच पिल्लांना पाण्यात न सोडता थोडे अंतर वाळूवरून चालू देतात. पण त्यांचे प्रवास आपल्या कल्पनेपेक्षा मोठे आहेत. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे तिचा माग काढणारे यंत्र बसवले, तिचे नाव प्रथमा ठेवले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे तसे ते पहिलेच कासव. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि २०२५ च्या आरंभी गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर जी खूणपट्टी सापडली, ती २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी असे मी इतकी वर्षे लोकांना सांगत होतो. ती बातमी वाचल्यावर मी सांगणे बदलले.

उंबरठा

खरेदीबद्दल थोडे. पुण्यात आपण काळी कुळकुळीत, कोरडी ठणठणीत आमसुले घेतो आणि तीच चांगली समजतो. मी केळशीला एका घरी पाहिले : रातांबा चिरून गर आणि बिया वेगळ्या काढतात, गराच्या रसात मीठ घालतात, साली त्यात बुडवून उन्हात वाळवतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. अशी पुटे दिलेले आमसूल बोटाला किंचित चिकटते आणि आमटीत एकच पुरते. मार्चमध्ये मिळते ते मागच्या उन्हाळ्याचे, कारण रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. मार्चमध्ये ताजे मिळतात ते ओले काजू. त्यांचा चीक हाताला लागतो, म्हणून सोलणाऱ्या बाया हाताला राख किंवा तेल लावतात. भाव करण्यापूर्वी एकदा त्यांचे हात पाहावेत.

दूरवाट

फाल्गुनवारा, आपल्या सोसायटीत विषय निघालाच आहे तर एक सुचवतो. बसगाडी करणाऱ्यांनाच हा धागा दाखवा. चाळीस माणसांचे जेवण एका घराला झेपणार नाही, पण चार घरांत दहा-दहा वाटले तर झेपेल, आणि तसे आठवडाभर आधी सांगता येते.

फाल्गुनवारा

दाखवला. सोसायटीची बस रद्द झाली नाही, पण आचारी रद्द झाला. बाणकोटची लेक यांनी ओळख करून दिलेल्या घरांतून चार घरी मिळून अडतीस जणांच्या जेवणाचे ठरले आहे. आम्ही चौघे मात्र गर्दी टाळून बुधवारी निघतो. येऊन लिहितो.

फाल्गुनवारा

काल रात्री परतलो. दोन संध्याकाळी आणि एक सकाळ टोपल्या रिकाम्या निघाल्या. शुक्रवारी पहाटे कासवमित्राने आम्हाला साडेपाचलाच उठवले, कारण रात्री मादी येऊन गेली होती. पिल्ले नव्हती, पण समुद्रापासून सुरूच्या झाडांपर्यंत गेलेला आणि तिथून वळून परत पाण्यात उतरलेला तिचा माग होता, दोन्ही बाजूंना वल्हे मारल्यासारख्या खुणा आणि मध्ये पोट घासल्याची सपाट पट्टी. घरटे उघडेपर्यंत आम्ही बाजूला बसून राहिलो. एकशे चार अंडी निघाली. भाचीने मोजणीत मदत केली. हात न लावता, मोठ्याने आकडे म्हणून.

बाणकोटची लेक यांच्या काकूंकडे तीन दिवसांत ओल्या काजूची उसळ दोनदा झाली आणि निघताना हिशेब त्यांच्याच हातात दिला. परतीच्या फेरीबोटीत भाचीने विचारले की ती अंडी आता टोपलीखाली किती दिवस राहतील. पन्नास-पंचावन्न, असे मी सांगितले. तिने बोटांवर मोजून मेचा दुसरा आठवडा काढला. पाटीदप्तर, तेव्हा शाळेला सुट्टी असते. आपल्या मुलालाही विचारा.